ध्वनिमुद्रणाची साक्ष : दोन जुने अहवाल आणि आजचे प्रश्न

‘ध्वनिमुद्रण अस्सल, प्रयोगशाळेचा निर्वाळा’ असा मथळा वर्तमानपत्रात आला की बहुतेक वाचक तेथेच थांबतात. विज्ञानाने कौल दिला, आता शंकेला जागा उरली नाही, असे मानले जाते. निर्वाळा आपल्याला नको तसा आला तर मात्र ‘हल्ली काय, संगणकावर काहीही बनवता येते’ असे म्हणून तोच अहवाल केराच्या टोपलीत टाकला जातो. या दोन्ही प्रतिक्रियांत एक साम्य आहे. अहवाल कोणीच वाचलेला नसतो.

पुस्तकांचे परीक्षण होते, नाटकांचे होते. शास्त्रीय अहवालांचे परीक्षणही तितक्याच बारकाईने व्हायला हवे, असे आम्हांला वाटते. विशेषतः ज्यांच्यावर एखाद्याचे स्वातंत्र्य किंवा एखाद्या निवडणुकीचा निकाल अवलंबून असतो, अशा अहवालांचे. या लेखात आम्ही ध्वनिमुद्रणाच्या तपासणीचे दोन गाजलेले अमेरिकन अहवाल शेजारी शेजारी ठेवून पाहणार आहोत. दोन्ही डिजिटल युगाच्या आधीचे आहेत. पण आजच्या डिजिटल ध्वनिमुद्रणाबद्दलचे दावे कसे तपासावेत, याचे धडे त्यांतूनच चांगले मिळतात.

अस्सल म्हणजे काय?

प्रथम व्याख्या पाहू. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी या संस्थेने १९९६ साली न्यायवैद्यक कामासाठी एक मानक प्रसिद्ध केले. त्याचा आशय असा : ज्या घटनेचा आवाज म्हणून ध्वनिमुद्रण सादर केले जाते, त्या घटनेच्या वेळीच ते झालेले असावे, सादर करणारा जी पद्धत सांगतो तिच्याशी ते पूर्णपणे जुळावे, आणि त्यात स्पष्टीकरण न देता येणाऱ्या खुणा, भर, काटछाट किंवा जोडणी नसावी.

या व्याख्येत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली : ‘खुणा नसाव्यात’ असे ती म्हणत नाही, ‘स्पष्टीकरण न देता येणाऱ्या खुणा नसाव्यात’ असे म्हणते. बटण दाबल्याचा खट्ट आवाज ही खूणच आहे, पण तिचे कारण सांगता येते. दुसरी : बोललेले खरे आहे की खोटे, याबद्दल ती काहीच सांगत नाही. दोन नटांनी समोरासमोर बसून लाच मागितल्याचे संवाद म्हटले आणि तिसऱ्याने ते मोबाइलवर जसेच्या तसे टिपले, तर ते ध्वनिमुद्रण तांत्रिकदृष्ट्या अस्सलच ठरू शकेल.

म्हणजे तपासनीसाचे काम ‘सत्य शोधणे’ हे नाही. सादर करणाऱ्याने सांगितलेल्या हकिगतीशी विसंगत अशी एखादी खूण सापडते का, एवढेच तो पाहतो. सापडली तर ती हकिगत कोसळते. सापडली नाही तर हकिगत सिद्ध होत नाही; ती एका परीक्षेतून पार पडली, इतकेच म्हणता येते. विज्ञानातील कोणत्याही गृहीतकाची स्थिती याहून वेगळी नसते.

पहिला अहवाल : साडेअठरा मिनिटे

वॉशिंग्टनमधील वॉटरगेट इमारतीतील घरफोडी १७ जून १९७२ रोजी उघडकीला आली. तीन दिवसांनी, २० जूनला, राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे प्रमुख सहायक हाल्डेमन यांच्यात जे बोलणे झाले ते राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातील गुप्त यंत्रणेने ध्वनिफितीवर टिपले होते. पुढे ती फीत न्यायालयात आली तेव्हा त्या संभाषणात साडेअठरा मिनिटे केवळ घरघर ऐकू येत होती. आपण टेलिफोन घेण्यासाठी वळलो असता चुकून बटण दाबले गेले आणि पायाखालचे पेडलही दाबलेले राहिले. त्यामुळे पाचेक मिनिटांचा मजकूर पुसला गेला असावा, असे निक्सन यांच्या सचिव रोझ मेरी वुड्स यांनी सांगितले.

न्यायाधीश जॉन सिरिका यांच्यासाठी सहा तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली. राष्ट्राध्यक्षांचे वकील आणि विशेष सरकारी वकील या दोन्ही पक्षांनी मिळून ती नावे सुचवली होती. अहवालाच्या विश्वासार्हतेचा पाया येथेच घातला गेला. समितीचे प्रमुख रिचर्ड बोल्ट होते. सदस्यांत जेम्स फ्लॅनगन, टॉमस स्टॉकहॅम, मार्क वाइस अशी ध्वनिशास्त्रातील जाणती माणसे होती. ३१ मे १९७४ या तारखेचा त्यांचा अहवाल आजही या विषयाचा वस्तुपाठ मानला जातो.

त्यांनी काय केले? फीत ऐकली, तिचे तरंगाकार आणि वर्णपट काढले आणि चुंबकीय कणांचा अतिसूक्ष्म द्रव लावून फितीवरील चुंबकीय खुणा डोळ्यांना दिसतील अशा केल्या. ध्वनिमुद्रकातील पुसणारे शीर्ष बंद होताना फितीवर एक विशिष्ट खूण सोडते. ही खूण हाताने बटण दाबले तरच उमटते, नुसत्या पेडलने नाही. घरघरीच्या पट्ट्यात अशा खुणा अनेक ठिकाणी होत्या. त्यावरून पुसण्याचे काम एका दमात झालेले नसून निदान पाच, कदाचित नऊ वेगवेगळ्या तुकड्यांत झाले, असा निष्कर्ष निघाला.

अहवालाचे मोठेपण आम्हांला या निष्कर्षापेक्षा त्याच्या भाषेत दिसते. पुसण्याची क्रिया याच फितीवर झाली, आणि निदान पाच तुकड्यांसाठी बटणे हाताने चालवावी लागली, हे त्यात ठामपणे सांगितले आहे. मात्र हे काम न्यायालयात हजर केलेल्या ऊहर ५००० या यंत्रावर ‘बहुधा’ झाले, पुसलेल्या भागात ‘बहुधा’ बोलणे होते, असे शब्द आहेत. आम्हांला ठाऊक असलेल्या कोणत्याही पद्धतीने ते बोलणे परत मिळवता येणार नाही, हेही स्पष्ट नोंदवले आहे. आणि हात कोणाचा होता, हेतू काय होता, याबद्दल अहवाल गप्प आहे. हे मौन अपुरेपणाचे नाही. चुंबकीय खुणेवर माणसाचे नाव लिहिलेले नसते, हे ओळखण्याचा तो समंजसपणा आहे.

दुसरा गुण असा की त्यांनी विरोधी स्पष्टीकरणे टाळली नाहीत. यंत्रातील एक डायोड सदोष होता. त्या दोषामुळेच या खुणा आपोआप उमटल्या असतील, असा आक्षेप बाहेरच्या तज्ज्ञाने घेतला होता. समितीने त्याचा विचार केला आणि तो का टिकत नाही हे लिहिले. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने नव्या तंत्रांनी ते बोलणे परत मिळते का, याची चाचपणी केली आणि २००३ साली तो प्रयत्न सोडून दिला. एकोणतीस वर्षांनंतरही ‘परत मिळणार नाही’ हे वाक्य उभेच राहिले.

दुसरा अहवाल : ९५ टक्के

आता दुसरे उदाहरण. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डलास शहरात झाली. त्या दिवशी पोलिसांच्या बिनतारी संदेशांचे ध्वनिमुद्रण चालू होते आणि एका मोटारसायकलवरील मायक्रोफोन काही मिनिटे उघडाच राहिला होता, असे मानले गेले. १९७८ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने या ध्वनिमुद्रणातील काही ठोके बंदुकीच्या गोळ्यांचे आहेत का, हे तपासायला सांगितले. प्रत्यक्ष जागी चाचणीचे बार काढून इमारतींवरून येणारे प्रतिध्वनी टिपले गेले. त्यानंतर दोन संशोधकांनी प्रतिध्वनींच्या वेळांचे गणित मांडून, चौकाच्या बाजूच्या उंचवट्यावरून दुसऱ्या माणसाने गोळी झाडली असण्याची शक्यता ९५ टक्के किंवा अधिक आहे, असे सांगितले. त्यांपैकी एक होते मार्क वाइस, वॉटरगेट समितीतील तेच सदस्य. १९७९ च्या अंतिम अहवालात प्रतिनिधिगृहाच्या समितीने ‘हत्येमागे बहुधा कट होता’ असे म्हटले, त्यामागे या आकड्याचे मोठे वजन होते.

आकडा चोख होता. पण तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर होता? ‘हे ठोके म्हणजे नुसता गोंगाट असता तर प्रतिध्वनींच्या आराखड्याशी इतके जुळले असते का?’ या प्रश्नाचे. ध्वनिमुद्रणाचा तो भाग हत्येच्याच क्षणाचा आहे का, हा त्याआधीचा प्रश्न पुरेसा तपासला गेला नव्हता. तो सोडवायला सुरुवात केली ओहायो राज्यातील एका ढोलवादकाने. एका मासिकाबरोबर वाटलेली या ध्वनिमुद्रणाची प्लॅस्टिकची तबकडी तो पुन्हा पुन्हा ऐकत होता. ठोक्यांच्याच जागी त्याला पोलिसांच्या दुसऱ्या वाहिनीवरचे अस्पष्ट शब्द ऐकू आले, आणि ते शब्द हत्येनंतर दिलेल्या आदेशाचे होते! भौतिकशास्त्रज्ञ नॉर्मन रॅम्झी यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने १९८२ मध्ये याची तपासणी केली. ते ठोके हत्येनंतर सुमारे एक मिनिटाने नोंदले गेले, आणि ९५ टक्क्यांचे गणितही सदोष आहे, असा निष्कर्ष तिने दिला. २००१ मध्ये एका शोधनिबंधाने या निष्कर्षाला आव्हान दिले, २००५ मध्ये अकादमीच्या समितीतील काही सदस्यांनी त्याला उत्तर दिले. वाद असा चालू राहिला.

दोन्ही प्रकरणांत तज्ज्ञ तोलामोलाचे होते, एक तर तोच होता. तेव्हा फरक हुशारीचा नव्हे, प्रश्नाच्या मांडणीचा आहे. पहिल्या अहवालाने ‘दुसरे काय घडले असू शकेल?’ हे विचारत प्रत्येक निष्कर्षाला त्याच्या योग्यतेचा शब्द दिला. दुसऱ्या ठिकाणी एका न तपासलेल्या गृहीतावर दशांशांची इमारत उभी राहिली. आकडा अहवालाला शास्त्रीय बनवत नाही. तो कशावर उभा आहे ते सांगितले तरच बनवतो.

फितीवरून फाइलीकडे

वॉटरगेट समितीतील टॉमस स्टॉकहॅम हे पुढे डिजिटल ध्वनिमुद्रणाचे एक प्रवर्तक म्हणून ओळखले गेले. यातला योगायोग मोठा सूचक आहे. फितीवरच्या ज्या चुंबकीय खुणांनी १९७४ चा निष्कर्ष उभा केला, त्या डिजिटल फाइलीत नसतातच. फाइल म्हणजे आकड्यांची रांग. मधले दहा लाख आकडे काढून दोन टोके जोडली तर कात्रीची खूण राहत नाही. मूळ आणि नक्कल यांत फरकही नसतो.

तरीही काही खुणा उरतात, फक्त त्या गणिताने शोधाव्या लागतात. एम.पी.३ सारख्या पद्धती आवाज आकुंचित करताना त्याचे समान तुकडे पाडतात. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील तर १,१५२ नमुन्यांची एक चौकट सुमारे २६ मिलिसेकंदांची होते. मधला भाग कापून फाइल पुन्हा जतन केली, तर जुन्या चौकटींच्या अस्पष्ट खुणा कापण्याच्या जागी एकदम सरकलेल्या दिसू शकतात. खोलीचा घुमारा, पार्श्वभूमीचा गोंगाट, फाइलीच्या आरंभीची तांत्रिक नोंद यांतील विसंगतीही पाहिली जाते. परंतु तीच फाइल संदेशाच्या ॲपवरून चार जणांकडून फिरून आली असेल, तर प्रत्येक टप्प्यावर नाव, वेळ आणि आकुंचनाची पद्धत बदललेली असू शकते. तेव्हा खुणा पुसल्या जातात, आणि निष्पाप कारणाने नव्या खुणा उमटतातही. म्हणूनच ‘फेरफाराच्या खुणा आढळल्या नाहीत’ हे वाक्य वाचताना फाइल कोणत्या टप्प्यावरची तपासली, हे विचारलेच पाहिजे.

विजेची गुणगुण

या क्षेत्रातील सर्वांत देखणी कल्पना विजेच्या गुणगुणीची आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची, पण ती नेमकी ५० कधीच नसते. मागणी आणि पुरवठा यांच्या ओढाताणीत ती क्षणोक्षणी किंचित वरखाली होते. भारतातील ग्रिडसाठी ठरवलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झचा आहे. हा चढउतार स्वैर असतो, पण एका ग्रिडमध्ये सर्वत्र जवळजवळ एकसारखाच असतो. विजेवर चालणाऱ्या उपकरणाने ध्वनिमुद्रण केले तर ही गुणगुण नकळत त्यात उतरते. म्हणजे आवाजाखाली जणू एक घड्याळ चालू असते. रुमानियातील कॅटॅलिन ग्रिगोरास यांनी २००५ मध्ये या पद्धतीची मांडणी प्रसिद्ध केली. लंडन पोलिसांच्या प्रयोगशाळेनेही त्याच सुमारापासून गुणगुणीची अखंड नोंद ठेवली. पुढे तेथील बेकायदा शस्त्रविक्रीच्या एका खटल्यात, पोलिसांनी ध्वनिमुद्रणात काटछाट केली असा बचाव घेतला गेला, तेव्हा या नोंदीशी ताडून ते सलग असल्याचे दाखवता आले.

कौतुकाबरोबर मर्यादाही पाहू. भारतात ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी जोडले गेले. त्याआधी सोलापूर आणि रायचूर येथील गुणगुण वेगळी होती. त्यानंतर कोल्हापूर, चेन्नई आणि दिल्ली येथे ती एकच झाली. म्हणजे आज या पद्धतीने वेळ सांगता येईल, गाव नाही. शिवाय मोबाइल बॅटरीवर चालतो. जवळ पंखा, ट्रान्सफॉर्मर असे काही घुमत असेल तरच गुणगुण त्यात शिरण्याचा संभव. ध्वनिमुद्रण अर्ध्या मिनिटाचे असेल तर ताडून पाहण्याइतका चढउतारच मिळत नाही. आणि जाणकार लबाड माणूस गाळणी लावून ५० हर्ट्झचा पट्टा काढून टाकू शकतो, दुसरा घालूही शकतो. चांगला अहवाल या गोष्टी आपणहून सांगतो.

मोहोर आणि तिचा काळ

१९६७ साली महाराष्ट्रातील एका लाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने टेपवरील संभाषण पुरावा म्हणून स्वीकारले, पण टेप मोहोरबंद न ठेवल्यामुळे फेरफाराच्या शंकेला जागा राहते, हेही नोंदवले. डिजिटल जगात मोहोरेची जागा हॅशने घेतली आहे. फाइलीतील सर्व आकड्यांवर ठरावीक गणित करून एक छोटा संकेत काढतात. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ चिन्हांचा असतो. फाइलीतील एक बिट बदलला तरी संकेत पार बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हा हॅश नोंदवायचा असतो. हे पाऊल निश्चितच स्वागतार्ह आहे.

मात्र दोन आक्षेप नोंदवायला हवेत. त्या नमुन्यात एसएचए-२५६ बरोबर एमडी-५ आणि एसएचए-१ हेही पर्याय आहेत. दोन वेगळ्या फाइलींचा एकच संकेत निघू शकतो, हे एमडी-५ बाबत २००४ मध्ये आणि एसएचए-१ बाबत २०१७ मध्ये प्रत्यक्ष दाखवले गेले आहे. कमकुवत कुलपे यादीत ठेवण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. दुसरा आक्षेप कायद्यावर नाही, समजुतीवर आहे. हॅश सांगतो ते इतकेच, की मोहोर लावल्यानंतर फाइल बदललेली नाही. मोहोर लागण्यापूर्वी काय झाले याची त्याला खबर नसते. बनावट फाइलीचाही हॅश तितकाच निर्दोष निघतो.

नकली आवाज, खरी पळवाट

आता संगणक थोड्या नमुन्यावरून माणसाच्या आवाजात हवे ते वाक्य म्हणू शकतो. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात मतदारांना राष्ट्राध्यक्ष बायडन यांच्या नकली आवाजात दूरध्वनी गेले. असे आवाज ओळखणारी साधनेही आहेत. त्यांचा ज्ञात दोष असा की ज्या पद्धतींच्या नमुन्यांवर ती शिकवली गेली, त्या पद्धती ती चांगल्या ओळखतात. नवी पद्धत पुढे आली की अडखळतात. तेव्हा ‘९८ टक्के बनावट’ असा आकडा यंत्राने दाखवला, तर डलासच्या ९५ टक्क्यांची आठवण ठेवावी आणि विचारावे : कोणत्या नमुन्यांवर?

यापेक्षाही मोठा धोका उलट बाजूने आहे. खोटा आवाज बनवता येतो हे सर्वांना ठाऊक झाल्यावर, खऱ्या आवाजात पकडला गेलेला माणूसही ‘हा मी नव्हेच’ म्हणू लागतो. लंडनच्या खटल्यात बचावाची दिशा अशीच होती. काहीच खरे मानू नये, ही वृत्ती चिकित्सक वाटते खरी, पण तिचा फायदा बलवानालाच होतो. कारण दुबळ्याच्या हाती अनेकदा एका ध्वनिमुद्रणाखेरीज दुसरा पुरावा नसतो. त्याचा मोबाइल जपून ठेवणे, मूळ फाइल न फिरवणे, लगेच तिचा हॅश काढून घेणे, या साध्या गोष्टी महागड्या यंत्राइतक्याच मोलाच्या आहेत.

वर्गात करून पाहावे

हा विषय नववीच्या पुढच्या विद्यार्थ्यांबरोबर सहज हाताळता येईल. ऑडॅसिटी हे संगणकप्रणालीचे साधन मोफत मिळते. घुमणाऱ्या जुन्या चोकशेजारी किंवा पंख्याजवळ दोन मिनिटे ध्वनिमुद्रण करून त्याचा वर्णपट काढावा. ५० च्या पटीतील, विशेषतः १०० हर्ट्झजवळील टोक दिसते का ते पाहावे. मग एका गटाने एका वाक्यातून ‘नाही’ हा शब्द कापावा आणि दुसऱ्या गटाने कापलेली जागा शोधावी. काही फाइली न कापताच द्याव्यात, म्हणजे नसलेली खूण ‘सापडण्याचा’ मोह किती असतो तेही कळेल.

शोधणाऱ्या गटाने अहवाल लिहावा, आणि त्यातील प्रत्येक विधानापुढे तीनांपैकी एक शब्द लिहावा : ‘निश्चित’, ‘बहुधा’ किंवा ‘सांगता येत नाही’. त्याखाली आणखी एक ओळ असावी : ‘याचे दुसरे कोणते स्पष्टीकरण असू शकते?’ गुण देताना अचूक उत्तराइतकेच या शब्दांच्या निवडीलाही द्यावेत. अहवालात ‘सांगता येत नाही’ हे शब्द योग्य जागी लिहायला जो विद्यार्थी शिकला, तो उद्या वर्तमानपत्रातल्या मथळ्यापाशी थांबणार नाही.